ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवल्यावर गाडी पुन्हा पुन्हा बंद पडते? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

टर्बो पेट्रोल गाडीला नवा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (टर्बोपुढे अडकलेली हवा सोडणारी झडप) बसवला की पहिले काही दिवस सगळं मजेत चालतं. मग एक दिवस सिग्नलला थांबण्यासाठी ॲक्सिलरेटर सोडून क्लच दाबला की आरपीएमचा काटा खाली कोसळतो आणि गाडी बंद. किंवा गिअर बदलताना मागून काळा धूर दिसतो. किंवा पिकअप गेलेला असतो. किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर मोकळ्या फुस्सऐवजी तुतुतुतु असा फडफडाट ऐकू येतो. मग बोनेट उघडून व्हॉल्व्हच्या डोक्यावरचा स्क्रू अर्धा आटा आवळायचा. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी तक्रार परत हजर. पुन्हा अर्धा आटा.

या चक्रात अडकलेल्यांसाठी हे लिहितोय. माझं ठाम मत असं आहे की सतत परत येणाऱ्या तक्रारींमध्ये स्क्रूचा दोष क्वचितच असतो. दोष बहुतेकदा तीन ठिकाणी सापडतो: व्हॉल्व्हला सिग्नल देणारी बारीक नळी, सोडलेल्या हवेचा ईसीयूकडे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाकडे) असलेला हिशोब, किंवा पाईपच्या जोडावरची गळती. हे तिन्ही निस्तरल्याशिवाय स्क्रू फिरवला तर एक लक्षण दबतं आणि दुसरं वर येतं.

दोन दिवस बरं का वाटतं, हेही समजून घ्या. व्हॉल्व्हचं काम करताना अनेक जण बॅटरीची तार काढतात. अनेक गाड्यांमध्ये त्यामुळे ईसीयूने शिकून ठेवलेल्या इंधनाच्या दुरुस्त्या आणि आयडलिंगचं गणित पुसलं जातं. गाडी कोऱ्या पाटीवर सुरू होते. पुढच्या काही फेऱ्यांमध्ये ईसीयू नवी परिस्थिती शिकतो, म्हणजे गळतीसुद्धा शिकतो आणि त्याप्रमाणे इंधन वाढवतो किंवा कमी करतो. ते शिक्षण पुरं झालं की तक्रार परत येते. त्यामुळे दुरुस्तीनंतरची पहिली फेरी छान झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही. इंजिन थंड असताना, गरम असताना, रहदारीत, मोकळ्या रस्त्यावर अशी गाडी चालवा आणि मगच निकाल द्या.

व्हॉल्व्ह नेमका कशावर उघडतो

हा भाग नीट कळला तर पुढचं निम्मं निदान तुमचं तुम्हीच कराल.

टर्बो आणि थ्रॉटल बॉडी यांच्यामध्ये जो पाईप (चार्ज पाईप) असतो त्यात बूस्टची, म्हणजे टर्बोने दाबून भरलेली, हवा असते. तुम्ही ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलची झडप बंद होते, पण टर्बोचं चाक मात्र त्याच वेगाने फिरत राहतं. हवेला पुढे वाट नसते. ती उलटी फिरून टर्बोच्या हवा दाबणाऱ्या बाजूच्या, म्हणजे कंप्रेसरच्या, पात्यांवर आदळते. यालाच सर्ज म्हणतात, आणि तुतुतुतु आवाज त्याचाच. त्या क्षणी अडकलेली हवा बाहेर सोडणं हे ब्लो-ऑफ व्हॉल्व्हचं एकमेव काम. बूस्ट किती चढायचा हे तो ठरवत नाही. ते काम वेस्टगेटचं, म्हणजे टर्बोकडे जाणारा एक्झॉस्ट वळवणाऱ्या झडपेचं. बूस्ट वाढवायचा म्हणून ब्लो-ऑफचा स्क्रू आवळणारे लोक मी पाहिले आहेत, त्यातून काहीही मिळत नाही.

व्हॉल्व्हच्या आतल्या पिस्टनला किंवा डायफ्रामला खालून चार्ज पाईपमधला दाब लागतो. वरून दोन गोष्टी दाबतात: स्प्रिंग आणि बारीक नळीतून येणारा इनटेक मॅनिफोल्डचा दाब. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना थ्रॉटल उघडी असते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये आणि चार्ज पाईपमध्ये जवळजवळ सारखाच दाब असतो. वर एक बार, खाली एक बार. दोन्ही एकमेकांना खोडतात आणि स्प्रिंग एकटी व्हॉल्व्ह बंद ठेवते. थ्रॉटल बंद झाली की मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, वरचा दाब नाहीसा होऊन उलट ओढ लागते आणि व्हॉल्व्ह उघडतो.

यातून निघणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. जास्त बूस्टसाठी जास्त कडक स्प्रिंग लागते हा समज साध्या पिस्टनच्या व्हॉल्व्हला लागू होत नाही, कारण बूस्ट दोन्ही बाजूंनी सारखा वाढतो. स्प्रिंग ठरवायची ती तुमच्या इंजिनाच्या आयडलिंगच्या व्हॅक्यूमवरून. म्हणूनच टायलसारखी कंपनी आपल्या व्हॉल्व्हसाठी व्हॅक्यूमच्या आकड्यानुसार वेगवेगळ्या स्प्रिंगा देते. एचकेएसच्या एसएसक्यूव्हीला तर ॲडजस्टमेंटचा स्क्रूच नाही, आणि तरी तो वेगवेगळ्या बूस्टवर चालतो.

सुस्थितीतल्या, मूळ कॅमशाफ्ट असलेल्या पेट्रोल इंजिनात आयडलिंगला साधारण १७ ते २२ इंच पारा इतका व्हॅक्यूम मिळतो. ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहण्याचा काळ) जास्त असलेले रेसिंग कॅम टाकले असतील तर तो बराच कमी भरतो आणि मऊ स्प्रिंग लागते. उंचीचाही परिणाम असतो: समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साधारण एक इंच पाऱ्याने व्हॅक्यूम घटतो. सपाटीवर अगदी काठावर जुळवलेला व्हॉल्व्ह घाटमाथ्यावर फडफडू लागला तर त्यात व्हॉल्व्हचा दोष नाही.

पहिला संशयित: बारीक नळी

माझ्याकडे कोणी ही तक्रार घेऊन आलं की मी सगळ्यात आधी नळी कुठून घेतली आहे ते बघतो. ती थ्रॉटलच्या पुढून, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डवरूनच आली पाहिजे. वेस्टगेट ॲक्चुएटरला जाणारी नळी हाताशी असते म्हणून तिला टी जोडून सिग्नल घेतलेला असतो, तो चुकीचा. ती नळी कंप्रेसरच्या तोंडाजवळून येते; तिथे बूस्ट मिळतो पण थ्रॉटल बंद झाल्यावर व्हॅक्यूम मिळत नाही. असा व्हॉल्व्ह कधीच नीट उघडणार नाही. स्क्रू पूर्ण सैल केला तरी फडफडाट होणारच.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. ब्रेक बूस्टरच्या जाड नळीवर टी टाकून सिग्नल घेतात. त्या नळीत एक चेक व्हॉल्व्ह असतो, तो बूस्टरमधला व्हॅक्यूम साठवून ठेवतो. टी चेक व्हॉल्व्हच्या बूस्टरकडच्या बाजूला बसली तर ब्लो-ऑफच्या डोक्यावर कायम व्हॅक्यूम राहतो आणि बूस्ट तिथपर्यंत पोचतच नाही. परिणाम उलटा: ॲक्सिलरेटर दाबला की व्हॉल्व्ह उघडाच, हवा बाहेर, गाडीला ओढ नाही. शिवाय ब्रेकच्या नळीत जोड वाढवणं मला मुळातच मान्य नाही. तिथला एक सैल क्लॅम्प म्हणजे दगडासारखा कडक ब्रेक पेडल.

तिसरी चूक म्हणजे वाटून घेतलेला सिग्नल. एकाच निपलवरून फ्युएल प्रेशर रेग्युलेटर, बूस्ट गेज, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा) आणि ब्लो-ऑफ असा सगळा संसार चालवला तर ब्लो-ऑफला सिग्नल उशिरा आणि मंद मिळतो. मॅप सेन्सरच्या नळीला तर हातही लावू नये; व्हॉल्व्ह हलला की सेन्सरला खोटा दाब दिसतो. मॅनिफोल्डवर स्वतंत्र निपल घ्या, आतला व्यास ४ ते ६ मिलिमीटर, नळी शक्य तितकी आखूड. वाटेत रिस्ट्रिक्टर किंवा चेक व्हॉल्व्ह नको.

आणि नळीचा दर्जा. पातळ भिंतीची रंगीत सिलिकॉन नळी इंजिन गरम झाल्यावर मऊ पडते आणि व्हॅक्यूम लागला की चपटी होते. गाडी थंड असताना सगळं ठीक, अर्ध्या तासाने फडफडाट सुरू, रात्री थंड झाल्यावर पुन्हा ठीक. अशी वेळेनुसार येणारी तक्रार असेल तर नळी गरम असतानाच तपासा: इंजिन आयडलिंगला ठेवून नजर टाका, वळणाच्या ठिकाणी ती आत ओढली गेलेली दिसेल. जाड भिंतीची व्हॅक्यूम नळी लावा. प्लास्टिकच्या टीला बारीक तडा गेलेला असतो तोही बघा. वरून दिसत नाही, वाकवल्यावर उघडतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून गेलेली नळी काही महिन्यांत कडक होऊन टोकाला चिरते. ती टोकाला कापून परत बसवण्यात अर्थ नाही, रस्ता बदलून नवी टाका.

दुसरा संशयित: मोजलेली हवा बाहेर फेकणं

थांबताना गाडी बंद पडणे आणि काळा धूर, या दोन तक्रारी एकत्र असतील तर इथे बघा.

गाडीत आत येणारी हवा मोजण्याच्या दोन पद्धती असतात. काही गाड्यांमध्ये एअर फिल्टरच्या लगेच पुढे मास एअरफ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ असतो. तिथून गेलेला प्रत्येक ग्रॅम ईसीयू मोजतो आणि तितकं इंधन ठरवतो. तुमचा व्हॉल्व्ह ती मोजलेली हवा बाहेर वातावरणात सोडून देतो, पण ईसीयूला त्याची कल्पना नसते. तो इंधन टाकतच राहतो. मिश्रण अचानक गडद, म्हणजे इंधन जास्त असलेलं, होतं, प्लग ओले होतात, आरपीएम आयडलिंगच्या खाली जातो आणि इंजिन बंद. ज्या गाड्यांमध्ये ईसीयू मॅनिफोल्डचा दाब आणि तापमान यांवरून हवा काढतो, म्हणजे मॅप सेन्सरवर चालतो, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही, कारण बाहेर गेलेली हवा मुळात मोजलेलीच नसते.

एकाच इंजिनाच्या दोन आवृत्त्यांमध्येही हा फरक असतो. टोयोटाच्या २जेझेड-जीटीई इंजिनाची जपानी बाजारातली आवृत्ती मॅप सेन्सरवर चालते आणि निर्यातीची मॅफवर. निसानचं एसआर२०डीईटी हॉट-वायर मॅफवर चालतं. मित्सुबिशीच्या ४जी६३ इंजिनाच्या इव्होमध्ये (लान्सर इव्होल्यूशनमध्ये) हवा मोजायला कार्मन व्होर्टेक्स पद्धतीचा सेन्सर आहे. त्यामुळे मित्राच्या गाडीत हाच व्हॉल्व्ह मस्त चालतो हा पुरावा तुमच्या गाडीला लागू होत नाही. तुमच्या एअर फिल्टरच्या डब्यानंतर पाईपवर तारांचा कनेक्टर असलेला सेन्सर आहे का, ते स्वतः बघा. काही गाड्यांमध्ये मॅफ आणि मॅप दोन्ही असतात. तिथे इंधनाचा हिशोब मुख्यत्वे मॅफवर चालतो असं धरून चाला.

इथे स्क्रू आवळला की व्हॉल्व्ह कमी उघडतो, कमी हवा बाहेर जाते आणि गाडी बंद पडणं थोडं कमी होतं. लोकांना वाटतं जमलं. प्रत्यक्षात अडकलेली हवा आता टर्बोवर उलटते आहे. म्हणजे बंद पडण्याची तक्रार देऊन सर्ज विकत घेतला.

खरा इलाज रिसर्क्युलेशन. व्हॉल्व्हच्या तोंडाला नळी लावून हवा परत टर्बोच्या आधीच्या पाईपमध्ये, मॅफ आणि कंप्रेसर यांच्यामध्ये सोडायची. मोजलेली हवा घरातच राहते. मूळ कारखान्याचा व्हॉल्व्ह असाच जोडलेला असतो, आणि रोज चालवायच्या मॅफ गाडीला मी दुसरं काही सुचवत नाही. आवाज कमी होतो, पण गाडी चालते.

रिसर्क्युलेशन करूनही गाडी बंद पडत असेल तर परतीच्या नळीचं तोंड कुठे उघडतं ते पाहा. ते मॅफच्या अगदी जवळ असेल किंवा मॅफच्या दिशेने तिरकं असेल तर परत आलेली हवा सेन्सरवर आपटते आणि सेन्सर तीच हवा दुसऱ्यांदा मोजतो. म्हणजे परत गडद मिश्रण. तोंड मॅफपासून लांब, कंप्रेसरच्या जवळ आणि कंप्रेसरकडे झुकलेलं हवं. नळीचा व्यास व्हॉल्व्हच्या बाहेरच्या तोंडाइतकाच ठेवा. २५ मिलिमीटरच्या तोंडाला १९ची नळी खेचून बसवली तर व्हॉल्व्ह उघडूनही हवा वेळेत निघणार नाही.

वातावरणात सोडणारा व्हॉल्व्हच ठेवायचा असेल तर दोन रस्ते राहतात: मॅफ सेन्सर ब्लो-ऑफच्या पुढे, थ्रॉटलच्या आधी हलवणं, किंवा ट्यूनरकडून गाडी मॅपवर चालवून घेणं. दोन्ही कामं ईसीयूमधला इंधनाचा नकाशा नव्याने लिहिण्याची आहेत, स्क्रूची नाहीत. अर्धी हवा बाहेर, अर्धी आत अशा हायब्रिड व्हॉल्व्हने काही गाड्यांमध्ये त्रास सुसह्य होतो, पूर्ण जातोच असं नाही. शिवाय हवा उघड्यावर सोडणारा व्हॉल्व्ह रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला चालतो की नाही याचे नियम जागोजागी वेगळे आहेत, ते आधी बघून घ्या.

गळतीची चाचणी, आणि तिच्यातली एक गोम

व्हॉल्व्ह बसवताना पाईप कापला जातो, फ्लँज वेल्ड होते, नवे क्लॅम्प येतात. इतके जोड हलल्यावर एखादा गळणारच असं धरून तपासा. वेल्डिंगच्या उष्णतेने ॲल्युमिनियमची फ्लँज किंचित वाकते. सरळ पट्टी टेकवून प्रकाश आरपार दिसतो का पाहा. दिसत असेल तर ओ-रिंग कितीही नवी असली तरी गळेल. पाईपच्या टोकाला उभार कडा नसेल तर सिलिकॉनची नळी बूस्टमध्ये सरकते, विशेषतः आत तेलाचा ओलावा असेल तर. टोक आणि नळी आतून पुसून कोरडी करा, मग क्लॅम्प आवळा.

आणि हे तर कृपा करून विसरू नका: छिद्र पाडल्यावर पाईप गाडीवरून उतरवून आतून पूर्ण साफ करा. हा पाईप कंप्रेसरच्या नंतर असतो. त्यातला धातूचा कीस अडवायला पुढे कुठलाही फिल्टर नाही, तो थेट थ्रॉटलमधून सिलिंडरमध्ये जातो. गाडीवरच ड्रिल मारून घेणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत न्या.

चाचणीसाठी टर्बोच्या तोंडाला झाकण बसवून रेग्युलेटर लावलेल्या गॅरेजच्या हवेच्या कंप्रेसरने हवा भरतात आणि जोडांवर साबणाचं पाणी फवारतात. सुरुवात ०.३ बारने करा, हळूहळू वर जा, गाडीच्या नेहमीच्या बूस्टच्या वर जाऊ नका. झाकणासमोर उभं राहू नका, ते सुटलं तर गोळीसारखं येतं. क्रँककेसच्या श्वासनळ्या आधी वेगळ्या करून बंद करा, नाहीतर दाब इंजिनाच्या पोटात जाऊन ऑइल सील उचकटतील.

आता गोम. थ्रॉटल बंद असताना हवा भरली तर दाब व्हॉल्व्हच्या खालून लागतो, पण मॅनिफोल्डमध्ये पोचत नाही, म्हणजे वरून आधार मिळत नाही. साहजिकच स्प्रिंगच्या ताकदीबाहेर गेलं की व्हॉल्व्ह उघडून फुसफुसतो. लोक इथे चांगला व्हॉल्व्ह खराब ठरवतात. थ्रॉटल थोडी उघडी धरून परत बघा, दाब दोन्हीकडे सारखा होऊ द्या. त्यानंतरही व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा येत असेल तर दोष खरा.

व्हॉल्व्ह एकटा तपासायला हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप पुरतो. वरच्या निपलला लावून २० इंच पाऱ्यापर्यंत ओढा. पिस्टन पूर्ण मागे गेला पाहिजे, अडखळता कामा नये. डायफ्रामवाल्या व्हॉल्व्हमध्ये काटा जागेवर थांबला पाहिजे. पडत असेल तर डायफ्राम फाटला आहे, आणि त्याला दुरुस्ती नाही. पिस्टनवाल्यात काटा सावकाश उतरणं चालतं, धाडकन पडणं नाही.

पिस्टन अडखळत असेल तर तो चिकटला आहे. क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ चार्ज पाईपमध्ये साचते, गरमीत तिचा चिकट थर होतो. पिस्टन काढून मऊ कापडाने पुसा, कंपनीने सांगितलेलं ग्रीस अगदी पातळ लावा. चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस टाकलं तर थंडीत पिस्टन हलणारच नाही. कार्ब्युरेटर क्लीनर ओ-रिंगवर मारू नका, ती फुगते. साफ केल्यावर काही आठवड्यांत पुन्हा चिकटत असेल तर व्हॉल्व्ह सोडा आणि तेल इतकं का येतंय ते शोधा: पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ सोडणारा), टर्बोचा सील, भरलेला कॅच कॅन (ते तेल गोळा करणारा डबा).

आता स्क्रू

वरचं सगळं स्वच्छ निघालं तरच इथपर्यंत या. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, पंखा फिरून थांबलेला. सिग्नलच्या नळीवर तात्पुरता व्हॅक्यूम गेज लावा आणि आयडलिंगचा आकडा लिहून ठेवा. चेकनट सैल करा. बहुतेक व्हॉल्व्हमध्ये उजवीकडे फिरवलं की स्प्रिंग दाबली जाते, पण तुमच्या व्हॉल्व्हचा कागद बघा. स्क्रू सध्या किती आटे आत आहे ते मोजून लिहा, म्हणजे परतीची वाट राहते.

स्प्रिंग मऊ बाजूने सुरू करा. वातावरणात सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या तोंडाशी पातळ कागदाची पट्टी धरा. ती आत ओढली जात असेल तर आयडलिंगला व्हॉल्व्ह उघडा आहे. त्यातून न गाळलेली, न मोजलेली हवा आणि धूळ आत जाते. आरपीएम वरखाली झुलतो आणि मॅफ गाडीत मिश्रण फिकं, म्हणजे इंधन कमी असलेलं, होतं. पाव पाव आटा आवळत जा. पट्टी सैल लोंबली की तिथून आणखी पाव आटा, आणि थांबा. रिसर्क्युलेशन केलेला व्हॉल्व्ह आयडलिंगला थोडा उघडा राहिला तरी बिघडत नाही, सगळी हवा आतल्या आत फिरते. तिथे मऊच ठेवा.

मग मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण बूस्टवर नेऊन ॲक्सिलरेटर झटकन सोडा. उभ्या गाडीला रेस देऊन ही चाचणी होत नाही, कारण भाराशिवाय टर्बो खरा बूस्ट बनवत नाही. एकसंध फुस्स आला तर काम झालं, चेकनट आवळा. फडफड आली तर पाव आटा सैल करा. एका वेळी पाव आटा आणि मग फेरी, घाई नको. फडफड जाईपर्यंत सैल केलं आणि आता आयडलिंगला व्हॉल्व्ह उघडतोय, असं झालं तर स्क्रूची मर्यादा संपली: व्हॉल्व्ह लहान आहे, किंवा सिग्नल अजून मंद आहे, किंवा स्प्रिंगच दुसरी हवी.

हलक्या ॲक्सिलरेटरवर, अगदी कमी बूस्टमध्ये येणारी बारीक फडफड मात्र मी सोडून देतो. तिथे दाब इतका कमी असतो की टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगवर म्हणावा तसा ताण येत नाही. पूर्ण बूस्टवरची फडफड तशी सोडू नये.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असलेल्या गाडीत आणखी एक गोष्ट दिसते. पाय उचलला तरी ईसीयू थ्रॉटल लगेच पूर्ण बंद करत नाही, कधी गिअर बदलेपर्यंत ती थोडी उघडीच ठेवतो. अशा वेळी व्हॉल्व्हचा आवाज मंद येतो किंवा येतच नाही. हा दोष नाही, त्यासाठी स्प्रिंग सैल करत बसू नका.

स्कॅनर काय सांगतो

साधा ओबीडी स्कॅनर असेल तर आरपीएम, मॅफ, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात करत असलेली ताबडतोबची दुरुस्ती) एकत्र नोंदवा. वाचायचं काम शेजारी बसलेल्याला द्या. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना ट्रिमकडे बघण्यात अर्थ नाही; तिथे ईसीयू इंजेक्टरच बंद ठेवतो. बघायचा तो क्षण म्हणजे आरपीएम आयडलिंगकडे उतरून इंधन पुन्हा सुरू होतं तो. तिथे मॅफचा आकडा उसळी घेत असेल आणि ट्रिम खोल उणे जात असेल तर हवेचा हिशोब चुकतोय. आयडलिंगलाच ट्रिम बरीच अधिक असेल तर न मोजलेली हवा कुठून तरी आत येतेय.

स्कॅनरवर दिसणाऱ्या दोषांच्या कोडपैकी पी०२९९ म्हणजे बूस्ट अपेक्षेपेक्षा कमी: उघडा राहिलेला व्हॉल्व्ह, फाटलेला डायफ्राम, सुटलेला पाईप. पी०१७१ फिक्या मिश्रणाचा, पी०१७२ गडद मिश्रणाचा. पी००३३ ते पी००३५ हे टर्बोच्या बायपास व्हॉल्व्हच्या विजेच्या सर्किटचे. हे शेवटचे दिसले तर तुमच्या गाडीत मूळचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह (हवा परत आत सोडणारा) सोलेनॉइडवर, म्हणजे विजेवर, चालणारा आहे, बहुधा टर्बोच्या अंगावरच बसलेला, आणि नवा व्हॉल्व्ह लावताना त्याचा कनेक्टर कोणीतरी काढून ठेवला आहे. तो परत जोडा किंवा किटसोबत आलेला रेझिस्टर बसवा. डिझेल गाडीला यातलं काहीच लागत नाही: पाय उचलला की डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी हवेची वाट बंद होत नाही, म्हणून अडकलेली हवा सोडण्याचा प्रश्नच येत नाही. डिझेलसाठी मिळणारे किट फक्त आवाजाचे असतात.

सगळं तपासून झालं आणि तरी तक्रार सुटत नाही, तर मूळ व्हॉल्व्ह परत लावा. म्हणूनच तो जपून ठेवायचा असतो. मूळ व्हॉल्व्हवरही गाडी बंद पडत असेल तर ब्लो-ऑफला सोडून द्या आणि थ्रॉटल बॉडीवरची काजळी, आयडल कंट्रोल, मॅफची घाण, किंवा बदललेल्या इनटेक पाईपचा व्यास याकडे वळा. मॅफ मोठ्या व्यासाच्या पाईपमध्ये बसवला की त्याचे आकडे चुकतात. आणि मूळ व्हॉल्व्हवरही पूर्ण बूस्टची फडफड कायम असेल तर इंजिन थंड झाल्यावर टर्बोचा इनटेक पाईप काढा, कंप्रेसरचं चाक बोटांनी धरून आतबाहेर ढकला. आडवा थोडा हेलकावा चालतो. आतबाहेर हाताला जाणवेल इतकी ढिलाई लागली तर थ्रस्ट बेअरिंग झिजलं आहे. टर्बो उतरवून दुरुस्तीला द्या आणि तोवर गाडी बूस्टमध्ये नेऊ नका.